क्लाउडवर आहेत म्हणून फोटो पुसताय? थांबा

‘टॅबलेट भरला की फोटो बिनधास्त पुसा, क्लाउडवर असतातच,’ हा सल्ला घरोघरी फिरतो. तो अर्धवट आहे, म्हणूनच घातक.

क्लाउड म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरची, म्हणजे दूरच्या संगणकांवरची, इंटरनेटवरून वापरायची जागा. पण गूगल फोटोज किंवा ॲपलचं आयक्लाउड फोटोज म्हणजे बँकेतला लॉकर नव्हे. फोन, टॅबलेट आणि सर्व्हर या सगळीकडे एकच संग्रह सारखा ठेवणं हे त्यांचं काम. त्यामुळे ॲपमधून फोटो पुसलात की तो सगळीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो गूगलच्या कचरापेटीत ६० दिवस राहतो, ॲपलकडे साधारण ३०. त्यानंतर बोंबलून उपयोग नाही.

नुसती जागाच हवी असेल, तर गूगल फोटोजमध्ये फक्त उपकरणावरच्या प्रती काढायची वेगळी सोय आहे. आयपॅडवर मूळ फोटो आयक्लाउडमध्ये ठेवून हलकी प्रत जवळ ठेवता येते. हे पर्याय ॲपमध्ये किंवा सेटिंगमध्येच असतात, पण तिथवर जातो कोण!

आणखी एक. गूगलची फुकट जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट. शिवाय २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं. मुलांच्या जुन्या टॅबलेटसाठी उघडलेलं ते दुसरं खातं आठवतंय ना? त्यातले बारशाचे फोटो आधी हार्डडिस्कवर उतरवून घ्या.