मासेमारीचे पिढीजात शिक्षण (पुणे जिल्हा)

नदी, ओढे व धरणांतील मासे धरण्याचे ज्ञान आईवडिलांकडून मुलांकडे प्रत्यक्ष कामातून पोचवण्याची रीत. पुणे जिल्ह्यात ती मुख्यतः भीमा, घोड, मुळा-मुठा व नीरा या नद्यांकाठच्या भोई कुटुंबांत आढळते. मावळ-मुळशीच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकर व कातकरी कुटुंबांतही ती आहे. शिकण्याचा क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो : आधी जाळ्याची दुरुस्ती, मग पाण्याची पारख, त्यानंतर जाळे फेकणे आणि सर्वांत शेवटी रात्रभराचे जाळे लावणे. मासा प्रत्यक्ष धरण्याची पाळी बऱ्याच उशिरा येते, आणि या शिक्षणाचे मर्म त्या उशिरातच आहे.

प्राचीनता : ही परंपरा किती जुनी, याविषयी एकमत नाही. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा काळ सामान्यतः इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० असा धरला जातो. तेथे माशांची हाडे मिळाली असल्याने नदीतील मासे आहारात होते, हे निश्चित. परंतु हाडांवरून मासे कोणी व कोणत्या जाळ्याने धरले हे ठरत नाही. त्यामुळे आजच्या भोई परंपरेचा धागा थेट तिथवर नेणे धाडसाचे होईल. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. गळ, दोरी, काठी, आमिष व माशांच्या सवयी यांचे त्यातील वर्णन बारकाईचे आहे. पण तो राजाचा विरंगुळा आहे, पोटापाण्याचा धंदा नव्हे. तरीही कोणत्या माशाला कोणते आमिष, हे त्यातले ज्ञान पाण्यावर राबणाऱ्यांकडूनच आले असावे, असे मानणे सयुक्तिक वाटते.

यापेक्षा भक्कम आधार एकोणिसाव्या शतकातला आहे. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची पाहणी करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी या प्रदेशातील माशांची वर्णने १८३९–४१ दरम्यान प्रसिद्ध केली. नव्या जातींना नावे देताना त्यांनी स्थानिक मराठी नावे उचलली. ‘कोलुस’, ‘सींघाला’, ‘ताक्री’ ही जातिवाचक नावे आजही शास्त्रीय नामावलीत टिकून आहेत. जातीजातींतला फरक नावानिशी सांगू शकणारे लोक तेव्हा या नद्यांवर होते, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

भोई समाजाचा मूळ व्यवसाय पालखी वाहण्याचा की मासेमारीचा, हाही वादाचा विषय. एका मतानुसार पक्के रस्ते व रेल्वे आल्यावर पालख्या बंद पडल्या आणि हे लोक पाण्याकडे वळले. दुसऱ्या मतानुसार दोन्ही कामे, शिवाय नावेने उतारू पार करणे, पूर्वीपासून एकत्रच चालत होती. वस्त्या नदीच्या उतारांशी (नदी ओलांडण्याच्या जागांशी) असणे आणि जाळे विणण्याचे कसब घरोघर असणे, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. महाराष्ट्रात भोई भटक्या जमातींच्या यादीत आहेत.

जाळ्याची दुरुस्ती : फाटलेले जाळे सांधण्यापासून सुरुवात होते. हे काम बहुधा आई किंवा आजी शिकवते. लागते ती दोरा गुंडाळलेली चपटी सुई आणि बांबूची गुळगुळीत पट्टी. पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट आस (जाळ्याचा डोळा) मिळतो, २ सेंमी. रुंद पट्टीवर विणलेला आस ताणल्यावर ४ सेंमी. भरतो. सुती दोऱ्याला एक गाठ पुरते, नायलॉनच्या एकपदरी तंगूसाची गाठ मात्र सरकते. म्हणून ती दुहेरी मारून ओलसर बोटांनी घट्ट करावी लागते. फाटलेल्या भोकाच्या कडा आधी कापून घेतात. नवशिका कडा तशाच ठेवून विणू लागतो. मग आस लहानमोठे होतात, ओढ एका बाजूला पडते आणि जाळे पुन्हा तिथेच फाटते.

फेकजाळे : पुरते उघडल्यावर हे जाळे गोल पडते. मोठ्या माणसाचे जाळे सुमारे ३ मी. त्रिज्येचे असते. त्याचा घेर साधारण १९ मी. भरतो आणि काठाला ४ किग्रॅ.च्या आसपास शिशाचे मणी असतात, म्हणजे मीटरला २०० ग्रॅ.हून थोडे अधिक. मुलासाठी पावणेदोन-दोन मी. त्रिज्येचे आणि दोन किग्रॅ. वजनाचे जाळे विणतात. काठ आत दुमडून ठरावीक अंतरावर बांधलेला असतो. त्या झोळात मासा अडकतो.

सराव आधी कोरड्या, काटे नसलेल्या जमिनीवर होतो. मातीत वर्तुळ आखतात आणि काठ त्या रेषेवर पडेपर्यंत मुलाला पाण्यावर नेत नाहीत. उजव्या हाताच्या माणसाने दोराचा फास डाव्या मनगटात घालायचा, दोराची वेटोळी व जाळ्याचा वरचा निम्मा भाग डाव्या मुठीत धरायचा, काठाचा एक भाग डाव्या कोपरावर टाकायचा, उरलेल्या काठापैकी एक पदर उजव्या हातात घ्यायचा आणि कमरेतून वळून सोडायचे. नुसत्या हातांनी फेकले तर जाळे चंद्रकोरीसारखे पडते. कोपरावरचा भाग आधी सुटला तर मणी एकमेकांत गुंततात. मनगटातला फास सरकता असावा लागतो, कारण खोल पाण्यात जाळे अडकले की पक्क्या गाठीमुळे माणूस ओढला जातो. बटणांचा सदरा, अंगठी, कडे घालून फेकू देत नाहीत, तेही याच कारणाने.

जाळे तळाला टेकेपर्यंत थांबायचे, मग दोर हलक्या झटक्यांनी आखडायचा, म्हणजे मणी तळावरून सरकत एकत्र येतात. घाईने ओढले की काठ उचलला जातो आणि मासे खालून निसटतात. खडकात अडकल्यास जोर न लावता पलीकडे जाऊन उलट दिशेने ओढतात.

पाण्याची पारख : मरळ हवा घ्यायला वर येतो, त्या बुडबुड्यावरून आणि जागेवरून तो ओळखायला शिकवतात. लालसर पिलांचा घोळका पाण्याच्या वर दिसला की खाली राखण करणारे नर-मादी असतात. त्या वेळी त्यांना धरले तर घोळका इतर माशांच्या तोंडी जातो, म्हणून जाणती माणसे तो टाळतात. वाम (सापासारखा लांबट मासा) दगडांच्या फटीत मिळते. शिंगाळ्याच्या पाठीवर व दोन्ही पंखांशी काटे असतात. अंगठा व तर्जनी पंखांच्या काट्यांमागे रोवूनच तो उचलायचा. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवतात, त्याने ठणका कमी होतो.

मावळ-मुळशीत पहिल्या पावसाच्या लोंढ्यावर मासे ओढ्यांतून वर चढतात. या चढणीच्या माशांसाठी बांबूच्या कामट्यांचा निमुळता सापळा ओहोळाच्या तोंडाशी बसवतात. त्याच्या तोंडातल्या कामट्या आत वळवलेल्या असतात, त्यामुळे शिरलेला मासा परत फिरत नाही. चढणारे मासे अंडी घालायला निघालेले असतात. सगळा ओहोळ अडवला की पुढच्या वर्षी मासा उरत नाही. म्हणून काही भाग मोकळा सोडणे हे या शिक्षणातले सर्वांत मोलाचे आणि आज सर्वांत दुर्लक्षित अंग होय.

उजनी व रात्रीचे जाळे : १९८०च्या सुमारास उजनी धरणात पाणी अडवल्यावर इंदापूर व दौंड तालुक्यांतील भीमाकाठ जलाशयाखाली गेला आणि वाहत्या नदीचे बरेचसे ज्ञान तिथे निरुपयोगी ठरले. आता उभे जाळे संध्याकाळी लावून पहाटे उचलतात. १०० मी. ताणलेले जाळे ५० मी. दोरावर बसवतात, तेव्हा आस पुरेसे उघडे राहतात. ताणून बसवल्यास मासा आदळून परततो. उन्हाळ्यात उचलायला उशीर झाला की रात्री मेलेला मासा नरम पडतो आणि भिगवणच्या बाजारात भाव उतरतो. बुडालेली झाडे, विहिरी, भिंती जाळे फाडतात. पळसदेवचे जुने मंदिर पाणी आटलेल्या वर्षी उघडे पडते. अशा वेळी वडील मुलाला बुडीत गावठाण दाखवून ठेवतात. पाणी भरल्यावर तीच जागा काठावरचे झाड व पलीकडची टेकडी एका रेषेत धरून चुकवायची असते.

१९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापियाचे, स्थानिक बोलीत चिलापीचे, आता या पाण्यात प्राबल्य आहे. रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडले जाते. बारीक आसाच्या ओढजाळ्याने बोटभर पिलेही उचलली जातात. ही सवय घरातून आलेली नसून बाजारातून आलेली आहे. स्फोटके व विष वापरण्यास कायद्याने बंदी आहे. पुणे शहरात मुळा-मुठेच्या सांडपाण्यामुळे ही रीत जवळपास संपली असून खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाल्यावर पात्रात उतरणे जिवावर बेतते.

शिकार : फासेपारधी समाजात तितर व लाव्यांसाठी फासे लावण्याचे कसब असेच घरात शिकवले जाई. ब्रिटिश काळातील गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजाला गुन्हेगार ठरवले. तो कायदा देशभरात १९५२ मध्ये रद्द झाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद झाली. पाऊलखुणा वाचण्याचे, पक्ष्यांच्या हाकांची नक्कल करण्याचे ज्ञान मात्र काही कुटुंबांत टिकून आहे.