सबक्लास की एक्सटेन्शन? सुपर आणि नेक्स्ट यांतला फरक

तयार मेथड ओव्हरराइड केली, म्हणजे तिच्या जागी माझी लिहिली; कोड कंपाइल झाला, एरर एकही नाही. तरी ब्रेकपॉइंटवर, म्हणजे कोड थांबवून बघायला ठेवलेल्या खुणेवर, काही थांबेना. डायनॅमिक्स ३६५ फायनान्स या मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सॉफ्टवेअरसाठी त्याच्या एक्स प्लस प्लस भाषेत कोड लिहायला लागलो तेव्हा माझा पहिला आठवडा यातच गेला.

मी ‘एक्सटेंड्स’ लिहून सबक्लास केला होता. सबक्लास म्हणजे मूळ क्लासचा वारसा घेणारा वेगळा, नवा क्लास. स्टँडर्ड कोडची कन्स्ट्रक्ट मेथड मात्र मूळ क्लासचाच ऑब्जेक्ट बनवत होती, त्यामुळे माझ्या क्लासला कुणी हाकच मारत नव्हतं.

एक्सटेन्शन मूळ क्लासलाच जोडलं जातं. त्यावर ‘एक्सटेन्शनऑफ’ हे अ‍ॅट्रिब्यूट लावायचं, क्लास फायनल ठेवायचा आणि नावाच्या शेवटी ‘अंडरस्कोर एक्सटेन्शन’ जोडायचं. मग त्याच नावाची, त्याच पॅरामीटर्सची मेथड लिहून आत ‘नेक्स्ट’ म्हणायचं, म्हणजे साखळीतल्या पुढच्या कोडला, शेवटी मूळ मेथडला, बोलवायचं. हीच चेन ऑफ कमांड. मूळ क्लास जिथे जिथे वापरलाय तिथे तुमचा कोड आपोआप चालतो.

सबक्लासमधून बेसची, म्हणजे वरच्या मूळ क्लासची, मेथड बोलावणारा शब्द म्हणजे सुपर. सुपर आणि नेक्स्ट दिसतात सारखे, पण सुपर ऐच्छिक आहे. तो गाळला की बेस क्लासचं काम होत नाही, आणि कधीकधी तेच हवं असतं. नेक्स्ट गाळता येत नाही; मूळ मेथडवर ‘रिप्लेसेबल’ लिहिलेलं असेल तरच सूट. इफमध्ये किंवा लूपमध्ये नेक्स्ट घातला की कंपाइलर अडवतो. टेबलाच्या व्हॅलिडेटराइटमध्ये (नोंद साठवण्याआधी तपासणारी मेथड) आपली अट आधी आणि ‘अँड’च्या चिन्हापुढे नेक्स्ट, असंही चालत नाही. आधी नेक्स्टचं उत्तर व्हेरिएबलमध्ये धरायचं, मग आपली अट तपासायची. ही सक्ती मला योग्यच वाटते. एकाच क्लासवर तीन-चार जणांची एक्सटेन्शन्स असू शकतात, ती कुठल्या क्रमाने चालतील याची हमी नसते, आणि एकाने नेक्स्ट गाळला तर पुढच्यांचा कोड मुका होईल. २०१८ मध्ये, ८.० आवृत्तीपासून, स्टँडर्ड अ‍ॅप्लिकेशनचं ओव्हरलेअरिंग (मूळ कोडमध्येच थेट बदल करणं) बंद झालं, तेव्हापासून तर सगळ्यांची भिस्त या साखळीवरच आहे.

खरी गुंतागुंत वारशाने आलेल्या मेथडची. विक्रीची कागदपत्रं हाताळणारा सेल्सफॉर्मलेटर हा बेस धरा; इनव्हॉइस आणि कन्फर्म हे त्याचे सबक्लास. समजा एखादी मेथड फक्त बेसमध्ये लिहिलेली आहे. इनव्हॉइसने ती स्वतः लिहिलेली नसली तरी इनव्हॉइसच्या एक्सटेन्शनमध्ये ती गुंडाळता येते, म्हणजे तिच्याभोवती आपला कोड घालता येतो. परिणाम फक्त इनव्हॉइसच्या ऑब्जेक्टवर होतो आणि नेक्स्ट वर बेसकडे जातो. कन्फर्मला धक्का लागत नाही. तेच एक्सटेन्शन बेसवर लिहिलं तर दोघांनाही लागू.

मात्र कन्फर्मने ती मेथड ओव्हरराइड करून सुपर गाळला असेल, तर कॉल बेसपर्यंत पोचतच नाही आणि बेसवरचं तुमचं एक्सटेन्शनही गप्प राहतं. म्हणून बेसवर एक्सटेन्शन लिहिण्याआधी मी सगळे सबक्लास उघडून सुपर शोधतो. कंटाळवाणं काम आहे, पण ते टाळून केलेला बदल अर्ध्या डॉक्युमेंट्सवर चालतो आणि अर्ध्यांवर नाही.

सबक्लासची जागा वेगळी. स्टँडर्ड प्रकारांच्या शेजारी आपला एक नवा प्रकार उभा करायचा असेल आणि तो निवडणारी फॅक्टरी (योग्य क्लासचा ऑब्जेक्ट बनवून देणारा कोड) असेल, तर सबक्लासच बरा. प्रायव्हेट, म्हणजे फक्त स्वतःच्या क्लासमधूनच बोलावता येणाऱ्या, मेथडपर्यंत मात्र या दोन्हींपैकी कुणाचाच हात पोचत नाही. तिथे तिला बोलावणारी प्रोटेक्टेड किंवा पब्लिक मेथड शोधून तीच गुंडाळावी लागते.