सरकारी अधिकाऱ्यावर खटला भरायचाय? आधी 'अभियोग मंजुरी' लागते, ती कशी मागायची

साध्या माणसाने लायसन्सशिवाय दुकान थाटलं तर त्याच्यावर खटला भरायला वरून कुणाची मंजुरी लागत नाही, पण ड्युटीच्या नावाखाली अधिकाऱ्याने गुन्हा केला तर त्याला कोर्टात उभं करायला बऱ्याचदा सरकारचीच परवानगी लागते. आम्हा लिबर्टेरियन (सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा मानणाऱ्या) विचाराच्या लोकांना हेच खटकतं, कायदा एकच हवा, खुर्ची बघून बदलणारा नको. तो बदलेल तेव्हा बदलेल, आज जी वाट आहे ती नीट माहीत करून घ्या.

पहिलं म्हणजे मंजुरी खरंच लागते का ते बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१८ (आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं म्हणजे सीआरपीसीचं १९७, नवा कायदा १ जुलै २०२४ पासून) मुख्यतः अशाच लोकसेवकांना संरक्षण देतं ज्यांना सरकारच्या मंजुरीशिवाय नोकरीवरून काढता येत नाही, आणि तेही कृत्य कामाशी संबंधित असेल तरच. म्हणजे खालच्या पदावरच्या ज्या कर्मचाऱ्याला त्याचा वरिष्ठ अधिकारीच काढू शकतो त्याला सहसा ही ढाल नाही. खाजगी भांडणात कुणाला मारलं तर ती काही ड्युटी नाही, तिथेही मंजुरी नको. बलात्कार, लैंगिक छळ, कायद्याने ठरवलेल्या काही गंभीर गुन्ह्यांत एफआयआरच न घेणं यांनाही मंजुरी लागत नाही. पद कोणतं आणि काढायचा अधिकार कुणाचा हे माहीत नसेल तर १० रुपये भरून आरटीआय टाका, उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

अर्जासाठी कायद्यात ठरावीक फॉर्म नाही. केंद्राचा माणूस असेल तर केंद्राकडे, राज्याचा असेल तर राज्य सरकारकडे साधा लेखी अर्ज करायचा, त्यात नाव-हुद्दा, तारीखवार काय घडलं, कोणतं कलम लागतं हे लिहायचं आणि सोबत पुराव्याच्या प्रती, एफआयआर किंवा कोर्टातल्या तक्रारीची प्रत, साक्षीदारांची नावं जोडायची. आणि हे मात्र अजिबात विसरू नका, अर्ज आवक-जावक टेबलवर देऊन स्वतःच्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक नंबर घ्याच, "ठेवून जा, साहेब बघतील" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका, कारण सरकारने अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरलं जातं, आणि ती तारीख सिद्ध करायला तुमच्याकडे तो शिक्काच असतो.

लाचेचं प्रकरण असेल तर गोष्ट वेगळी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १९ मध्ये तुम्ही खाजगी तक्रारदार म्हणून थेट मंजुरी मागू शकत नाही, आधी सक्षम कोर्टात तक्रार दाखल करायची, कोर्टाने ती फेटाळली नाही आणि मंजुरी आणा असा आदेश दिला की मग अर्ज करायचा, सोबत त्या आदेशाची सर्टिफाइड कॉपी. इथे पद लहान असलं तरी मंजुरी लागते, आणि २०१८ च्या दुरुस्तीपासून अधिकारी रिटायर झाला तरी लागते. मुदत ३ महिने, कायदेशीर सल्ल्यासाठी अजून १ महिना, पण मुदत संपली की मंजुरी आपोआप मिळत नाही, त्यासाठी हायकोर्टात रिट याचिका (सरकारला आदेश द्या अशी मागणी) करावी लागते. लाच मागताहेत असं असेल तर हा सगळा व्याप न करता आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जा, सापळा लावून रंगेहाथ पकडायला आधी मंजुरी लागत नाही, नंतरची कागदपत्रंही तेच पाठवतात.

मॅजिस्ट्रेटकडे ड्युटीतल्या गुन्ह्याची खाजगी तक्रार केली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे अधिकाऱ्याला बाजू मांडायची संधी मिळते आणि त्याच्या वरिष्ठाचा रिपोर्टही मागवला जातो, म्हणजे आरोपीच्या साहेबाचं मत आधी, तुमची केस नंतर. माझ्या मते हे सरळ सरळ चूक आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये जॉइंट सेक्रेटरी आणि वरच्या अधिकाऱ्यांच्या चौकशीआधी केंद्राची परवानगी मागणारं दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्याचं (सीबीआय ज्यावर चालते तो कायदा) कलम ६अ समानतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केलं होतं, तो निकाल वकिलाला जरूर दाखवा.

मंजुरी नाकारली तर कारणांसकट आदेशाची प्रत लेखी मागा, तिच्याशिवाय हायकोर्टात काय चुकलं ते दाखवणं अवघड जातं.