कोरलेला पुतळा आणि बांधलेला पुतळा: राम सुतारांची दोन कामं

गुजरातमधल्या केवडियाला ‘स्टॅच्यू ऑफ युनिटी’ पाहून आलेली माणसं हमखास विचारतात, शिल्पकार राम सुतारांनी १८२ मीटरचे सरदार पटेल कोरले तरी कसे? खरं तर तो पुतळा कोरलेला नाहीच. सुतारांनी कोरलेला भव्य पुतळा वेगळा आहे: मध्य प्रदेशात गांधीसागर धरणावरची ४५ फुटी चंबळ देवी. तिच्यापाशी दोन मुलं आहेत, एक मध्य प्रदेश आणि दुसरं राजस्थान.

धुळ्याजवळच्या गोंदूरचे सुतार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्यात वेरूळच्या शिल्पांची डागडुजी करत होते. मला चंबळ देवीत ते वेरूळ दिसतं. काँक्रीटचा एकसंध ठोकळा उभा करायचा आणि छिन्नीने नको तेवढं काढत जायचं. त्यात खडी असते. घाव खडीवर बसला की टवका भलतीकडेच उडू शकतो आणि उडालेला टवका परत बसत नाही. हे काम पाहून नेहरूंनी भाक्रा-नांगल धरणासाठी कामगारांचं ५० फुटी शिल्प योजलं होतं. पैशाअभावी ते राहिलं, याची हळहळ वाटते.

केवडियाचं तंत्र याच्या अगदी उलट. आधी लहान, मग मोठी, अशा प्रतिकृती झाल्या. शेवटची ३० फुटी. तिचं स्कॅनिंग करून संगणकावर ती वाढवली. आत काँक्रीटचे गाभे, त्यांभोवती पोलादी सांगाडा आणि वर चीनमध्ये ओतलेले कांस्याचे पत्रे. बांधकाम एल अँड टी कंपनीचं. म्हणजे जे कांस्य आपल्याला दिसतं, त्याला आकार देणारे हात सुतारांचे नव्हेत.

मग पुतळा कुणाचा? माझ्या मते निःसंशय सुतारांचा. सरदार चालताहेत, धोतर नेसलेत, पायांत चपला. त्यामुळे इमारत जिथे रुंद हवी तिथेच, म्हणजे पायांशी, हा पुतळा निमुळता झाला आणि तो पेलायची जबाबदारी अभियंत्यांवर आली. चेहऱ्याचं तर विचारूच नका. ३० फुटांचे १८२ मीटर म्हणजे सुमारे वीसपट. प्रतिकृतीत पापणी एक सेंटिमीटर चुकली, तर वर ती वीस सेंटिमीटर चुकलेली दिसणार, आणि तिथे ती दुरुस्त करायला छिन्नी चालत नाही.