कोळ्यांच्या फोटोंत जुन्या लेन्स आल्या कशा?

उडी मारणाऱ्या कोळ्याचे पुढचे दोन टपोरे डोळे, त्यांत चमकणारा फ्लॅश आणि खाली केसाळ, रंगीत जबडे असे फोटो आता फोनवर सहज दिसतात. त्यांतले काही कुणाच्या तरी काकांनी सहलीचे फोटो काढायला घेतलेल्या ५० मिलिमीटरच्या लेन्सने, तीही कॅमेऱ्याला उलटी लावून काढलेले असतात. याला जुन्याची हौस म्हणून सोडून देतात, पण हौस हे कारण त्यात सर्वांत छोटं. खरी कारणं कॅमेऱ्याच्या रचनेत आणि कंपन्यांनी घेतलेल्या काही निर्णयांत आहेत.

कोळ्यांच्या जाळ्यांचं आकर्षण मात्र या लेन्सांहूनही जुनं. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ साली सूक्ष्मदर्शकाला भात्याचा कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला. हिमकणांमुळे तो प्रसिद्ध झाला, पण दवाने लगडलेली कोळ्यांची जाळीही त्याने टिपली होती. भाता लांबवला की लेन्स आणि मागची फोटो उमटणारी काच यांतलं अंतर वाढतं आणि प्रतिमा मोठी होते, हेच तंत्र पुढे कित्येक वर्षं चाललं. ते अवजड होतं आणि जिवंत, हलणाऱ्या कोळ्यासाठी जवळपास निरुपयोगी.

१९३६ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या इहागी कंपनीचा किने एक्झाक्टा हा एसएलआर, म्हणजे आतल्या आरशातून लेन्सचंच दृश्य दाखवणारा कॅमेरा आला आणि ३५ मिलिमीटर फिल्मवर जे लेन्सला दिसतं तेच डोळ्याला दिसू लागलं. जवळून फोटो काढताना याला पर्याय नाही, कारण वेगळ्या खिडकीतून पाहिलं तर कोळी चौकटीबाहेरच राहायचा. १९५५ मध्ये हाइन्झ किलफिट यांची ४० मिलिमीटरची माक्रो-किलार ही अगदी जवळून फोटो काढायची लेन्स आली. पुढच्याच वर्षी निकॉनच्या मूळ कंपनीने मायक्रो-निक्कोर बाजारात आणली. तिचा जन्म किड्यामुंग्यांसाठी झालेला नव्हता. जपानी कागदपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवताना कांजी, म्हणजे चिनी लिपीतून घेतलेल्या अक्षरांतल्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायच्या, म्हणून कडेपर्यंत रेखीव चित्र देणारी लेन्स हवी होती. अक्षरांसाठी कमावलेली ती रेखीवता कोळ्याच्या पायावरच्या केसांना आयती मिळाली.

पण अशा खास लेन्स महाग. सामान्य हौशी माणसाकडे होती ती कॅमेऱ्याबरोबर आलेली ५० मिलिमीटरची. ती उलटी का लावायची, याचं उत्तर सोपं आहे. साधी लेन्स बनवताना वस्तू दूर आणि फिल्म जवळ असं गृहीत धरलेलं असतं. प्रतिमा मूळ वस्तूपेक्षा मोठी हवी असेल तर हिशेब फिरतो: वस्तू जवळ आणि फिल्म दूर. मग लेन्सही फिरवायची. सुमारे ५० मिलिमीटरची लेन्स उलटी लावली की प्रतिमा साधारण वस्तूएवढी मिळते, २८ मिलिमीटरची लावली तर दुप्पट. शिवाय एसएलआरमध्ये लेन्समागे आरसा हलायला चार-साडेचार सेंटीमीटर जागा सोडावी लागायची. लेन्स उलटल्यावर आरशाची ती जागा कोळी आणि काच यांच्यामध्ये येते. म्हणून लेन्स कितीही कमी मिलिमीटरची असली तरी कोळ्याला धक्का न लावता काम होतं आणि फ्लॅशचा उजेड आत शिरायला फट राहते.

यात खरी अडचण आली ती १९८७ नंतर. कॅननने ईओएस ही कॅमेऱ्यांची मालिका आणली, माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडायची खाच) बदलला आणि लेन्सवरची अपर्चर रिंग, म्हणजे उजेडाचं छिद्र लहानमोठं करणारी कडी, काढून टाकली. छिद्र किती उघडायचं हे आता कॅमेराच विजेवर ठरवणार. अशी लेन्स उलटली की वीज तुटते आणि छिद्र सताड उघडं राहतं, मग कोळ्याचा अगदी पातळ भागच रेखीव येतो. छिद्र आधीच मिटवून दाखवणारं प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरून त्याच अवस्थेत लेन्स काढायची, अशी पळवाट लोकांनी शोधली खरी, पण ती वैतागवाणीच. जुन्या लेन्सवर रिंग हाताने फिरवली की झालं. नेमक्या याच काळात कॅननच्या आधीच्या एफडी लेन्स निराधार झाल्या, कारण नव्या ईओएसवर त्या नीट बसत नव्हत्या आणि दूरचं फोकसही होत नव्हतं. मॅक्रोवाल्याला, म्हणजे अगदी जवळून फोटो काढणाऱ्याला, दूरचं फोकस हवंय कशाला? उलटी लावली तर माउंटचाही प्रश्न उरत नाही, पुढच्या फिल्टरच्या आट्यांत लेन्स उलटी जोडणारी रिव्हर्स रिंग बसते.

पेंटॅक्सचा कॅमेरा वापरणारा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा छायाचित्रकार थॉमस शाहान याच पद्धतीने पुढे आला. उलटी लावलेली जुनी लेन्स, लेन्स कॅमेऱ्यापासून लांब नेणारी एक्स्टेन्शन ट्यूब आणि फ्लॅशचा उजेड मऊ करणारा घरी बनवलेला डिफ्यूजर एवढ्यावर त्याने उडी मारणाऱ्या कोळ्यांचे चेहरे टिपले आणि २०११ मध्ये ते नॅशनल जिऑग्राफिकमध्ये छापून आले. २००८ पासून आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आल्यावर आरशाची जागा वाचली, बहुतेक जुन्या लेन्स साध्या अडॅप्टरने बसू लागल्या आणि भंगारात चाललेल्या लेन्सना भाव आला.

जाळ्याचा मामला वेगळा. तिथे प्रतिमा मोठी करण्यापेक्षा उजेड कुठून येतो याला महत्त्व. धागा इतका बारीक की समोरून उजेड टाकला तर दिसतच नाही. मागून किंवा बाजूने ऊन आलं आणि पार्श्वभूमी काळी असली की तो उजळतो. इथे मात्र जुन्या लेन्स दगा देतात. काचेवर परावर्तन कमी करणारा थर द्यायची युक्ती जर्मनीच्या झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढली, पण एकाच थराच्या लेन्स उन्हासमोर धरल्या की चित्र पांढुरकं होतं. रशियन हेलिओस ४४ मध्ये हा दोष आहेच, तरी मागचे दवबिंदू ती गरगर फिरल्यासारखे दाखवते म्हणून लोक तिच्यावर जीव टाकतात. मला स्वतःला त्या गरगरण्यात जाळं हरवल्यासारखं वाटतं.

शास्त्रज्ञांना असली शोभा चालायची नाही. औषधांचा कोळ्याच्या विणकामावर काय परिणाम होतो हे औषधशास्त्रज्ञ पीटर विट यांनी १९४८ पासून तपासलं, ते जाळ्यांच्या फोटोंवर मापं घेऊन. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर अराबेला आणि अनिता या कोळिणींनी विणलेल्या जाळ्यांचाही अभ्यास फोटोंवरूनच झाला.

आपल्याकडे जुनी लेन्स घेताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. मुंबई-कोकणच्या पावसाळी दमटपणात काचेवर बुरशी धरते आणि तिचे तंतू अगदी जळमटासारखे पसरतात. दुकानातच टॉर्च मागून मारून बघावी. कडेला थोडी असेल तर उलट्या लेन्सच्या फोटोत ती बहुधा जाणवत नाही आणि भाव पाडायला कारण मिळतं.