केबल लांबली म्हणून ४–२० मिलिअँपिअर घटत नाही

४–२० मिलिअँपिअर म्हणजे ट्रान्समीटर (मोजमाप करंटच्या रूपात पाठवणारं उपकरण) रिसीव्हरला देतो तो सिग्नल: ४ म्हणजे मापनाची किमान पातळी, २० म्हणजे कमाल. लांब केबलमुळे हे रीडिंग कमी येतं, हा समज प्रयोगशाळेत अजूनही शिकवला जातो. तो चुकीचा आहे. सप्लाय, ट्रान्समीटर, केबल आणि रिसीव्हर एकामागोमाग जोडलेले असतात; अशा सिरीज लूपमध्ये करंट सगळीकडे सारखाच. केबल खाते ती व्होल्टेज.

२४ व्होल्ट सप्लाय, किमान १२ व्होल्ट लागणारा ट्रान्समीटर: उरले १२. म्हणजे २० मिलिअँपिअरला एकूण ६०० ओहम चालतात, त्यातले २५० रिसीव्हरचे. विद्यार्थ्यांना लांब केबलऐवजी डिकेड बॉक्सने (हवा तेवढा रोध निवडता येणारी पेटी) रिसीव्हरच्या जोडीला आणखी ५०० ओहम घालायला लावाच. ४ आणि १२ मिलिअँपिअर अचूक येतील, वर मात्र साधारण १६ला लूप अडकेल. म्हणूनच फक्त झिरो (४ मिलिअँपिअरचा बिंदू) तपासून हा दोष सापडत नाही.

जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरून ट्रान्समीटरच्या टर्मिनलांमध्ये गळती झाली, तर रीडिंग उलट वाढतं.