कोकणच्या खाड्यांतील गाळ : मिथेन आणि प्राचीन हवामान

कोकणातल्या खाड्या, खाजणे आणि त्यांच्या पुढचा उथळ समुद्रतळ यांवर साचलेल्या गाळाचे रासायनिक विश्लेषण करून जुन्या काळचा पाऊस, तापमान व समुद्रपातळी यांचा माग काढणे आणि त्याच गाळात तयार होणाऱ्या मिथेन वायूचा हिशेब मांडणे, हे भूरसायनशास्त्राचे एक कार्यक्षेत्र आहे. वरवर पाहता हे दोन निराळे विषय वाटतात. एकात हजारो वर्षांपूर्वीचा मॉन्सून शोधायचा, तर दुसऱ्यात आज हवेत जाणारा वायू मोजायचा. पण कोकणात दोन्हींचे दप्तर एकच, खाडीचा काळा चिखल. शिवाय मिथेन त्या दप्तरातल्या नोंदी खोडतो आणि नव्या घालतो. त्यामुळे मिथेन न समजता इथला जुना पाऊस वाचायला गेले, तर वाचन चुकते.

सह्याद्रीचा माथा समुद्रापासून फार तर ४०-७० किमी. नद्या आखूड आणि उताराच्या. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि दख्खनच्या काळ्या बेसाल्टची माती घेऊन त्या धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्यांत उतरतात. उरलेले आठ महिने खाडी समुद्राची असते. भरतीचे खारे पाणी कित्येक किलोमीटर आत चढते. गोडे आणि खारे पाणी असे आलटून पालटून येणे ही इथल्या गाळाच्या रसायनाची गुरुकिल्ली आहे.

सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी तिवरांच्या कडेने चिखलात उतरले की हे रसायन पायाखाली येते. वरचा बोटभर थर तपकिरी, मऊ. त्याखाली एकदम काळा रंग लागतो आणि कुजक्या अंड्यांचा वास येतो. पाय ओढून काढला की त्या खड्ड्यात पाणी भरते आणि बुडबुडे सुटतात. वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. मिथेनला स्वतःला वास नाही, रंगही नाही. ही गल्लत फार जण करतात, आणि वास नाही तिथे वायू नाही असे समजतात. प्रत्यक्षात सर्वांत जास्त मिथेन बहुधा वास कमी झालेल्या खोलीवर सापडतो.

त्याचे कारण असे. पाने, मुळे, शेवाळ, मेलेले जीव हे सगळे गाळात पुरले जाते आणि जिवाणू ते कुजवतात. वरच्या काही मिलिमीटरांतच ऑक्सिजन संपतो. मग नायट्रेट, मँगनीज, लोह यांची पाळी येते, त्यानंतर सल्फेटची. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सुमारे २८ मिलिमोल सल्फेट असते, म्हणजे साठा मोठा. तो वापरणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. काळा रंग आणि वास त्यांचाच. सल्फेट संपले की मिथेनजनक सूक्ष्मजीव पुढे येतात. हे जिवाणू नव्हेत, आर्किया नावाच्या वेगळ्या जीवसमूहातले आहेत. दलदलीतून निघणारा हा ज्वलनशील वायू आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ मध्ये इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठी गोळा केला होता. काठीने चिखल ढवळायचा आणि पालथ्या बाटलीत बुडबुडे धरायचे, ही त्यांची रीत आजही उथळ पाण्यात चालते.

यावरून खाडीचा नकाशा मनात उभा राहतो. मुखाजवळ पाणी खारे, सल्फेट भरपूर, म्हणून मिथेन खोलवर. आत, पुलांच्या आणि गावांच्या बाजूला, पाणी गोडे होत जाते तसा मिथेनचा थर वर येतो. पावसाळ्यात पुराचे पाणी खाडी भरून टाकते तेव्हा ही सीमा मुखाकडे सरकते. कांदळवनात याला एक अपवाद आहे. तिथल्या सडणाऱ्या पदार्थांपासून मिथिलअमाईनसारखी संयुगे तयार होतात. ती सल्फेटवाल्या जिवाणूंच्या फारशी उपयोगाची नसतात, पण काही मिथेनजनकांना चालतात. त्यामुळे खाऱ्या चिखलातही थोडा मिथेन होतोच.

खालून वर येणारा मिथेन आणि वरून झिरपणारे सल्फेट जिथे भेटतात तो पट्टा सर्वांत महत्त्वाचा. तिथे आर्किया आणि सल्फेट वापरणारे जिवाणू एकमेकांना बिलगून राहतात आणि ऑक्सिजनशिवाय मिथेन संपवतात. ही भागीदारी सूक्ष्मदर्शकाखाली २००० साली दाखवली गेली. समुद्रतळात तयार झालेल्या मिथेनचा बराच मोठा वाटा याच पट्ट्यात अडतो. नाहीतर समुद्रातून हवेत जाणारा मिथेन आजच्यापेक्षा कितीतरी अधिक असता.

मिथेन कुठला, हे कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंवरून) कळते. सूक्ष्मजीव हलका कार्बन-१२ आधी उचलतात, त्यामुळे त्यांच्या मिथेनमधील जड कार्बन-१३ चे मूल्य, ठरावीक प्रमाणकाच्या तुलनेत, सहसा उणे ५० प्रति हजारांहून खाली, अनेकदा उणे ६० ते ८० असते. खोल खडकांत उष्णतेने तयार झालेल्या वायूचे मूल्य साधारण उणे २० ते ५० च्या दरम्यान असते. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायच्या तेलाबरोबर उरणला येणारा वायू या दुसऱ्या प्रकारचा. खाडीतला बुडबुडा आणि उरणचा वायू, दोन्ही मिथेनच; पण एक काही शतकांचा, दुसरा कोट्यवधी वर्षांचा.

किनाऱ्यापुढच्या उथळ समुद्रातही वायू आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यापुढे ध्वनिलहरींनी तळाची पाहणी केली, तेव्हा अंतर्गत भूखंडमंचावर (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळावर) अनेक ठिकाणी थरांचे चित्र अचानक धूसर झालेले आढळले. गाळातले वायूचे बुडबुडे ध्वनी विखुरतात आणि त्याखालचे काही दिसत नाही. हा वायू तिथे का, याचे उत्तर हिमयुगात आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्रपातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मी. खाली होती. मुंबईपुढचा सुमारे ३०० किमी रुंद मंच मोठ्या प्रमाणावर उघडी जमीन होता, त्यातून नद्या वाहत होत्या. बर्फ वितळून पाणी चढत आले तशी किनाऱ्यावरची वने आणि दलदली गाळाखाली गेल्या. मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना एकोणिसाव्या शतकात उभ्या खोडांचे बुडालेले रानच लागले होते. असा पुरलेला वनस्पतीजन्य ऐवज मिथेनजनकांचे खाद्य ठरतो.

समुद्रतळाखाली गोठलेल्या मिथेन हायड्रेटचा (बर्फासारख्या पाण्याच्या जाळीत अडकलेल्या मिथेनचा) शोध मात्र इथे निष्फळ ठरला. २००६ च्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात हायड्रेटचे मोठे साठे मिळाले. अरबी समुद्रातील केरळ-कोकण खोऱ्यातल्या विंधनविवरात ते आढळले नाहीत. तिथला गाळ चुनखडीयुक्त आणि सेंद्रिय कार्बनने दरिद्री. खाद्यच नाही तर वायू कुठून येणार?

आता जुन्या हवामानाकडे. गाळाचा नमुना नळीने काढतात. नळी उभी चिरून अर्धी जपून ठेवतात आणि अर्ध्या भागाचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करतात. काप ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतले की चिखल वाहून जातो आणि खसखशीच्या दाण्याहूनही लहान कवचे उरतात. ही फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवांची. ओल्या कुंचल्याच्या टोकाने ती एकेक उचलायची, हे कष्टाचे आणि डोळे शिणवणारे काम आहे, पण त्यावाचून पुढचे यंत्र निरुपयोगी. कवचातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून पाण्याचे तापमान आणि खारेपणा कळतो. जास्त पाऊस झाला की किनाऱ्याचे पाणी गोडे होते आणि ऑक्सिजन-१८ चे मूल्य उतरते. सेंद्रिय कार्बनमधील कार्बन-१३ च्या मूल्यावरून कांदळ-तिवरांचा पाला (सुमारे उणे २७ ते २८) आणि समुद्री शेवाळ (सुमारे उणे २०) वेगळे ओळखता येतात. स्ट्राँशियम व निओडिमियम यांच्या समस्थानिकांवरून माती दख्खनची की सिंधू नदीची, हे ठरते.

कारवारपुढच्या गाळात राजीव निगम व सहकाऱ्यांनी या कवचांच्या पहिल्या कोठडीचा आकार मोजून सुमारे ७७ वर्षांचे अवर्षणाचे आवर्तन मांडले. खोल समुद्रात २०१५ च्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ-विंधन मोहीम ३५५ ने अरबी समुद्रातील लक्ष्मी खोऱ्यात विवरे घेतली. त्यात हिमालयाची झीज आणि मॉन्सून यांचा इतिहास मिळायचा होता, पण वाटेत सुमारे १.०८ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम मंचावरून घसरलेला प्रचंड गाळ लागला; त्या घसरणीला नटराज हे नाव दिले गेले.

या सगळ्या वाचनात मिथेन आडवा येतो. सल्फेट-मिथेन पट्ट्यात तयार होणारे बायकार्बोनेट कॅल्शियमशी मिळून कवचांवर चुन्याचे नवे पुट चढवते. या पुटात मिथेनचा अतिशय हलका कार्बन असतो. कवच पांढरेशुभ्र, अखंड दिसते, पण मोजमाप येते ते समुद्राचे नव्हे, गाळातल्या सूक्ष्मजीवांचे. कालमापनही त्यामुळे सरकते. दुसरीकडे हायड्रोजन सल्फाइड बेसाल्टमधून आलेले मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) खाऊन पायराइट बनवते आणि चुंबकीय नोंद पुसट होते. मॉन्सूनच्या जोराचा अंदाज गाळाच्या चुंबकत्वावरून बांधणाऱ्याला हे माहीत नसेल, तर रासायनिक झीज त्याला दुष्काळासारखी, म्हणजे पावसाअभावी जमिनीवरून माती कमी आल्यासारखी, वाटेल. म्हणून नमुना काढल्याबरोबर त्यातील सल्फेट आणि मिथेन मोजणे ही औपचारिकता मानू नये. ते न करता काढलेल्या पावसाच्या आलेखावर विश्वास ठेवणे धोक्याचे आहे.

जागतिक पातळीवर मिथेन आणि मॉन्सून यांचे नाते उलट्या बाजूने दिसते. अंटार्क्टिकाच्या हिमगाभ्यांत ८ लाख वर्षांची हवा कैद आहे. हिमयुगांत दर अब्ज भागांत साधारण ३५० ते ४०० भाग मिथेन होता, उबदार काळात ६५० ते ७००. आज तो १,९०० च्या वर आहे. मॉन्सून जोरदार असला की उष्ण कटिबंधातील दलदली पसरतात आणि मिथेन वाढतो. सुमारे ५ हजार वर्षांपूर्वीपासून मात्र मॉन्सून उतरत असताना मिथेन चढू लागला. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ विल्यम रुडिमन यांनी २००३ मध्ये याचे कारण आशियातील भातशेतीत शोधले. या मतावर अजून वाद आहे.

भाताचा मुद्दा कोकणाला थेट भिडतो. १९९० च्या सुमारास अमेरिकी अंदाजात भारतीय भातखाचरांच्या माथी वर्षाला ३.७८ कोटी टन मिथेन मारला गेला होता. भौतिकशास्त्रज्ञ अशेष प्रसाद मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये देशभर प्रत्यक्ष मोजणी झाली आणि आकडा सुमारे ४० लाख टनांवर आला. कागदावरचा गुणाकार आणि खाचरात पेटी ठेवून घेतलेले माप यांतला हा फरक भारतीय विज्ञानाच्या इतिहासात लक्षात ठेवण्याजोगा आहे.

खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीत, हे रसायन आणखी एक वळण घेते. पेण-अलिबागकडे खाडीचे पाणी बाहेरकाठ्याने (खाडीकडच्या बांधाने) अडवून, उघाडीतून (बांधातल्या झडपेतून) पावसाचे पाणी सोडून, भात घेतात. जमिनीत मुरलेल्या खारात सल्फेट असते, ते मिथेनला आवर घालते. पावसाने खार धुऊन गेला आणि गोडे पाणी साचून राहिले की आवर सुटतो. बांधाला खांड (खिंडार) पडून उधाणाचे पाणी आत शिरले की पीक जाते, पण गाळ पुन्हा सल्फेटने भरतो. बांधाच्या आत घेतलेल्या नळीत वरचे काप शेतातल्या मातीचे, खालचे तिवरांच्या चिखलाचे आणि मधोमध फोरॅमिनिफेरा संपलेली एक रेघ असते. ही रेघ गेल्या शंभर-दीडशे वर्षांतली असेल, तर सुमारे २२ वर्षे अर्धायुष्य असलेल्या शिसे-२१० वरून बांध कधी घातला हे काढता येते.